न्यूट्रलमध्ये

"कधीपासून?"
"अचानक. सावद्याच्या पुढे, केळीच्या ट्रकमागे."
जात्यात खडा आल्यासारखा आवाज.

सुभान तडवीनं बॉनेटला हातही लावला नाही.
"न्यूट्रल कर. दाब क्लच."
दाबला. आवाज गेला.
"सोड."
आला.

मग गाडीखाली सरकून
लांब पेचकस गिअरबॉक्सला टेकवलं,
मूठ कानाशी,
डोळे मिटलेले.
वर टायरवर त्याचा चहा निवत राहिला.

"इनपुट शाफ्टचं बेअरिंग.
क्लच दाबल्यावर वरडलं असतं
तर स्वस्तात सुटला असता भाऊ."

तिसऱ्या दिवशी त्यानं ते माझ्या तळहातावर ठेवलं,
रॉकेलनं धुतलेलं.
फिरवलं तर एक गोळी अडते.
तिच्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा खळगा,
कडा घासून घासून गुळगुळीत.

सुभान काही बोलला नाही.
टेपचा आवाज मीच वाढवत आलो होतो,
दिवाळीपासून.