पंधरा टक्के

शुक्रवारची सुट्टी संपवून
शनिवारी सहाला रबाळ्यात भट्टी उघडली
की आत दीड दिवसाचा गारवा
आणि कोळ्याचं एक जाळं, दर खेपेला नवं.

स्विच फटकन वर मारायचा नाही
हे मला आयटीआयने नाही, मढवींनी शिकवलं.
त्यांच्या खणात होतं एक मेलेलं एलिमेंट,
यू आकाराची कांडी, पेन्सिलीच्या शिशासारखी करडी,
जिथे तुटली तिथे वितळून मणी झालेला.
"घणसोलीच्या पोराने घालवली. घाईत होता.
शेठने पगारातून कापली. पोरगं गेलं सोडून,
कांडी मी ठेवली."

थंड कांडी कुणाला नाही म्हणत नाही, ते म्हणाले,
येईल तेवढा करंट आत घेते, दहापट,
आणि स्वतः तुटते.
नकार द्यायला अंगात ऊब लागते, पोरी.
तापू दे तिला. मग बघ कशी अडवते.

म्हणून नॉब पंधरावर.
अँपियरचा काटा उडतो, थरथरतो, बसतो.
रजिस्टरात वेळ लिहायची. थांबायचं.
वीसवर. थांबायचं.
पाऊण तासाने भोकातून दिसतो लाल,
वाळल्या कोकमासारखा, असून नसल्यासारखा.
मग तीस, मग पन्नास,
पुढे ती आपलं आपण बघते.
जावळे सुपरवायझर घड्याळ दाखवतात,
डिस्पॅचचा टेम्पो महाप्याला पोचलाय म्हणे.
पोचू दे.

मार्चमध्ये मढवी कामावर आले, सव्वा महिन्याने.
गोठिवलीच्या घराची किल्ली
पहिल्यांदाच त्यांच्या खिशात वाजत होती.
जावळ्यांनी गेटपाशीच गाठलं:
पॅनेलचं राहिलंय, ऑडिट आहे,
दोन नवी पोरं आलीत, तीही बघा.
मढवी हो म्हणाले.
हो.
हो.

मी फायली उचलून माझ्या लॉकरमध्ये कोंबल्या.
त्यांच्यापुढे रजिस्टर ठेवलं,
म्हटलं, वेळ तेवढी लिहा, माझे हात तेलकट आहेत.
नव्हते.
सहा दहा, त्यांनी लिहिलं. पंधरा टक्के.
आकडे ओळीखाली घसरलेले.

मग कितीतरी शनिवार वीसच.

एप्रिल संपताना पॅनेलमागून आवाज आला,
"ऑडिटचं आज जमणार नाही, जावळे. सोमवारी बघू."
जावळे पुटपुटत निघून गेले.
मी वाकून उगाच भोकातून पाहिलं.
मढवी म्हणाले, काय बघतेस,
तीसवर घे आता.