दोनाची शेपटी

चौदा ऑगस्टला ग्रामपंचायतीचा शिपाई येतो,
काळ्या रंगाचा डबा ओट्यावर ठेवतो,
म्हणतो, आप्पा, अक्षरं पुन्हा धुपली.
मी शून्य नंबरचा ब्रश घेतो, टर्पेंटाइनची वाटी,
आणि एस.टी.च्या थांब्यामागं जातो.
तिथं दगड आहे, दगडाभोवती साखळी,
साखळीला कुणाची तरी शेळी.

शिपाई सुपडू झिपरू महाजन.
डिसेंबर १९७१. वय २१.

नाव मी सावकाश भरतो.
त्याच्याआधीची तीन पाळण्यातच गेली,
म्हणून हा जन्मला तसा आईनं सुपात घातला,
उंबऱ्यापासून उकिरड्यापर्यंत ओढत नेला:
केर आहे हा, कुणाच्या कामाचा नाही.
पाठच्या बहिणीचं नाव दगू.
असली नावं ऐकून मरण वेशीवरून माघारी फिरतं
असं तेव्हा वाटायचं.

बोरीच्या डोहात तो पोटाशी धोंडा धरून तळाशी बसायचा.
आम्ही काठावर मोजायचो.
साठ झाले की मला रडू यायचं,
सत्तरला तो वर यायचा, नाकात गाळ,
आणि विचारायचा, कितीपर्यंत आलास रे?

अडुसष्ट साली धुळ्याला भरती निघाली.
सोळा वर्षांचे आम्ही दोघं.
दाखल्यावर जन्मसाल १९५२,
आणि शाळेत अक्षर माझं पहिलं.
म्हसोबामागं बसून, टाकाच्या टोकानं,
मी दोनाची शेपटी उचलली, पोटाशी वळवली,
शून्य केलं.
इतकं गोल, की मलाच ते आवडलं.
माझ्याही दाखल्यावर तेच.
टेपवाला हवालदार मला म्हणाला, छाती अर्धा इंच कमी.
सुपडूनं श्वास भरला आणि कोंडून धरला.
डोहातली सवय.

परतीच्या गाडीत मी, आणि पिशवीत त्याच्या चपला.
आता बूटच मिळतील म्हणाला होता.

तार आली तेव्हा सगळं गाव कपाशी वेचायला गेलेलं.
वाचायला मलाच बोलावलं;
अक्षर चांगलं म्हणजे इंग्रजीही येत असेल.
एकच शब्द कळला मला.
झिपरूबाबा ओटीतला कापूस न सांडता खाली बसले.

मग पेटी आली. दोन गणवेश, पितळी मग,
आणि अर्धा झिजलेला लाल साबण,
त्याच्यावर अंगठ्याएवढा खड्डा.
आईनं तो कुणाला हात लावू दिला नाही.
शेवटी उंदरांनी नेला.

दगड बसवला तेव्हा मोठे साहेब आले.
सुपडूचं त्यांनी सुपडाजी केलं,
भाषणात म्हणाले, अवघं एकवीस वय.
टाळ्या झाल्या. मी मागं उभा होतो, हातात डबा,
हिशेब करत.

बावन्न ते एकाहत्तर.

एका वर्षी मनानं घेतलं, एकोणीस करू.
दगूबाई आखाजीला माहेरी आली होती.
आता त्या घरात घागर भरायला दुसरं कुणी नाही,
लेकीनं भरू नये म्हणतात, ती भरते,
वर खरबूज ठेवते, सांजोरी ठेवते,
भाऊ आमरसात बोटं बुडवायचा म्हणून वाटी उघडीच ठेवते.
तिला सगळं सांगितलं, दाखल्यापासून.
वाटलं, शिवी देईल.
ती बराच वेळ घागरीचा ओला काठ पुसत राहिली.
म्हणाली,
"ऱ्हाऊ दे भो. दगडवर का व्हयेना,
दोन वरीस जास्ती जगना तो."

तेव्हापासून एकवीसच.
आधी एक काढतो, तो सोपा.
दोनाशी आलो की शेपटी ओढताना
हात आजही आत वळायला बघतो.
मी श्वास धरतो.
थांब्यावरची पोरं हसतात, म्हणतात,
आप्पा, किती वेळ? एवढासा तर आकडा.

शेळी माझ्या बाहीचं टोक चघळत असते.
मी मनात मोजत असतो.
अडुसष्ट, एकोणसत्तर,