दोघांचं बोलणं नाही

शनिवारी रात्री जेवणं आटोपल्यावर
मी कॉम्प्युटरवर रस्ता आखत बसलो.
गंगापूर रोडवरच्या आमच्या फाटकापासून
दुगाव, गिरणारे, वाघेऱ्याचा घाट, हरसूल,
मग जव्हार.
सॉफ्टवेअर सारखं सरळ जाऊ पाहत होतं.
मी रेघ माउसनं धरून ओढत होतो
सैल कणकेसारखी, हवी तिकडं,
आणि पुन्हा आकसू नये म्हणून
एकेक ठिपका रोवत होतो.
मोजले तर छत्तीस भरले.
पत्रिकेत जुळले तर भाग्य,
एरवी पाठीला पाठ लावून बसलेले तीन आणि सहा.

एकोणिसाव्या ठिपक्याला मी नाव दिलं: काच.
घाटाच्या उतारावर, मोहोरलेल्या आंब्याच्या जरा पुढं,
जिथं गेल्या माघात
हेमांगीनं आठ महिन्यांत पहिल्यांदा
आपणहून गाडीची काच खाली केली होती
आणि डोक्यावरचा रुमाल उडाला
तरी धरला नव्हता.
हे तिला सांगितलेलं नाही.
म्हटलं, तिकडून ट्रॅफिक कमी असतं.

फाइल पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह गाडीत.
पार्किंगमध्ये रात्री साडेबाराला
वॉचमन तोंडावर टॉर्च मारून गेला.
यंत्र म्हणालं, फाइल ओळखता येत नाही.
वर जाऊन फाइल बदलून आणली.
ओळखली, पण बाराच ठिपके घेतले,
तेही पहिले बारा,
म्हणजे मला गिरणाऱ्यात सोडून दिलं.
तिसऱ्या खेपेला छत्तीसच्या छत्तीस आले
आणि नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन.
काच: तीन चौकोन,
कान्याचासुद्धा वेगळा.
'सुरू करा' दाबलं
तर सगळे चौकोन झटकून टाकून
ते त्र्यंबकच्या रस्त्यानं रेघ मारून मोकळं झालं.
नाकासमोर चालणारं यंत्र.
त्याला जव्हार कळतं, बाकी काही नाही.

मी अंबडला सव्वीस वर्षं
मशीनला आकडे भरवतो.
जर्मन मशीन, तैवानचा कंट्रोलर, आमचा प्रोग्राम,
तिघं केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकं
एकमेकांचं ऐकतात.
आणि सकाळी द्वारकेवरचा मोईन,
ज्यानं हे यंत्र डॅशबोर्डवर बसवून दिलं,
फोनवर जांभई देत म्हणाला,
"दादा, ते त्या कंपनीचं, हे ह्या कंपनीचं.
दोघांचं बोलणं नाही."
जसं काही बांधावरून बिनसलंय,
आता कोण मध्ये पडणार.

तरी निघालो. वाट काय, पाठच होती.
गंगापूर गाव ओलांडलं तशी
ती आतली बाई सुरू झाली:
शक्य असल्यास यू-टर्न घ्या.
शक्य असल्यास.
पाचव्यांदा म्हणाली तेव्हा
हेमांगीनं कपाळ दाबलं.
"ऐक ना बाबा तिचं एकदाचं."
आवाज बंद करायचं बटण
मला त्या घडीला सापडलं नाही.
वळलो.

सातपूर. बेळगाव ढगा. महिरावणी.
मी गप्प, मनात दोन्ही कंपन्यांचे बाप काढत.
अंजनेरी डाव्या हाताला आली,
कोरडी, तपकिरी, उन्हात अंग टाकलेली.
आणि हेमांगीनं काच खाली केली.
केस आता कानाखाली आलेत.
सगळे तोंडावर आले,
तिनं मागे सारले नाहीत.

मी गाडी बाजूला घेतली.
"काय झालं?"
"टायर बघतो."
यंत्रात 'ही जागा जतन करा' असं आहे एक.
नाव विचारलं.
कीबोर्डवर मराठी नव्हतं.
मी नुसतं ओके दाबलं,
त्यानं आपल्या मनानं लिहिलं: ००१.

रात्री घरी येऊन
यंत्र कॉम्प्युटरला जोडलं.
जोडलं, काढलं, पुन्हा जोडलं.
फोल्डर रिकामं.
मागे उभी राहून हेमांगी केस पुसत होती.
म्हणाली, "अजून तेच चाललंय तुझं?"
मग दिवा घालवता घालवता,
"आणि काय रे,
टायर ठीक होता ना?"