मोरीमागची पपई

मोरीच्या पाण्यावर आपसूक उगवली, जेलरोडला.
दीड वर्षात पत्र्याच्या वर गेली,
मग लांब देठांवर झुबके लोंबू लागले,
प्रेसचा भोंगा व्हायच्या आधी
गोडसर वास यायचा.

गांगुर्डे सर कुंपणावरून म्हणाले,
‘नर आहे ही. फळ विसरा.’
व्याकरणात बाई, फुलांत बाप्या.
‘आणि झाड म्हणू नका. लाकूड नसतं यात.
कोथिंबीरच समजा, उंच वाढलेली.’

पानाच्या देठाची पिपाणी करून
पोरीने दुपारभर कान किटवले.
वडाळा नाक्याच्या तस्लीमआपा
कबाबाच्या मटणाला लावायला कच्ची पपई मागायला आल्या,
वर बघितलं, आणि म्हणाल्या,
‘एवढी उंची, आणि एकही नाही?’
बोटाला लागलेला चीक ओढणीला नाही,
भिंतीला पुसला. डाग अजून आहे.

पौषात पारा चारावर आला
तेव्हा शेंडा काळा पडला.
मी कोयत्याने कमरेएवढं ठेवून उडवलं.
आत पोकळ.
थोडं पाणी, एक गोगलगाय.

चैत्रात बाजूने तीन फुटवे,
आणि आषाढात त्यातल्या एकावर
मुठीएवढं, लांबुडकं, हिरवं.
सरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं.
‘होतं कधीकधी,’ म्हणाले,
‘पुस्तकात होतं. मी वर्गात गाळायचो.’

आपांना कच्ची हवी होती, पोरीला पिकलेली.
पोरगी जिंकली.
बिया मी मोरीतच टाकल्या,
ओल्या, मिऱ्यांसारख्या काळ्या.
त्यांत कोण काय,
ते फुलेपर्यंत सरांनाही सांगता येणार नाही.