कलम एकोणीस

पिओरियात पहाटे चारला,
फ्रायर तापायच्या आधी,
ऑस्वाल्दो यंत्रावर बोट टेकवतो.
यंत्र म्हणतं: ओळख पटत नाही.
पुन्हा टेकवतो. पुसून. फुंकर घालून.
अकरा वर्षं उकळत्या तेलाशी उठबस,
बोटावरच्या रेषा कधीच तळून निघाल्या.

मी वहीत त्याची वेळ लिहिते, पेन्सिलीने.

कालच्या टपालात मुख्य कार्यालयाचं पत्र:
सर्व्हर फुटला, ठसे गेले, कळवण्यास खेद होतो.
यंत्र त्यांचं, सक्ती त्यांची,
पाटीवरचा हसरा कोंबडाही त्यांचाच, भाड्याने;
जबाबदारी तेवढी माझी.
कलम एकोणीस. खाली माझीच सही, निळ्या शाईत,
त्या दिवशी केक कापायची घाई होती.

वकीलबाई विचारतात, संमती लेखी होती का?
संमती होती.
"ये रे, बोट ठेव इथे," म्हटलं होतं मी,
त्याने ठेवलं होतं.

आता ते जुनं बोट, न भाजलेलं,
कुठल्या तरी परक्या यंत्रात
बिनचूक ओळखलं जात असेल.
आणि हे, चिरा पडलेलं,
दाराशी खोळंबून आहे.

"वॅन्डा, आज किती कोंबड्या?"
पत्र एप्रनच्या खिशात दुमडत
मी म्हणते, चाळीस.