सेटमधला काटा

धारावीत कातरण किलोवर मिळतं.
दीडशे रुपयांत पिशवीभर:
कुणाच्या पर्सच्या कडा, पट्ट्यांची शेपटं,
आणि एक अख्खा चौकोन,
ज्यावर जनावराच्या जुन्या ओरखड्याची रेघ.
ती मी दर्शनी बाजूला घेतली.

हत्यारं घरचीच.
सायकलच्या तारेची आरी, मूठ तुटक्या लाटण्याची.
रापी म्हणजे हॅकसॉचं पातं,
मोरीच्या कडाप्प्यावर चार रात्री घासलेलं.
भोकांच्या खुणांना जेवणाचा काटा,
दाते कानशीनं टोकदार केलेले.
बाबांना निवृत्तीला बँकेनं दिलेल्या सेटमधला.
आम्ही हातानंच जेवतो.

बत्ता पडला की खालचे
झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात.
मग मी खाली टॉवेलची घडी घालते,
आणि कांजूरमार्ग पुन्हा झोपतं.

परवा बाबा पाण्याला उठले.
काटा ओळखला. काही बोलले नाहीत.
लुंगी सावरून समोर मांडी घातली.
"आरी अशी धरत नाहीत गं."
मुठीच्या डोक्यावर त्यांचा अंगठा
असा बसला, जसा रोजच बसतो.
पस्तीस वर्षं त्यानं शिक्केच मारले होते, माझ्या देखत तरी.
एकच भोक पाडलं.
उठले, आणि बेसिनपाशी
साबण लावून हात धुतले.
पुन्हा लावून पुन्हा धुतले.
नळ बराच वेळ चालू होता.

पाकीट झालंय. जरा तिरकं.
नोटा मावतात, कार्ड अडकतं.
टाके सगळे वाकडेतिकडे, माझ्यासारखे,
फक्त ओरखड्याच्या वर, डावीकडून सातवा
सरळ.