बोटभर

सभेला आम्ही सगळे इस्त्रीच्या शर्टात येतो,
तरी ओळखू येतोच:
मान विटेसारखी भाजलेली, टोपीच्या रेषेवर कपाळ एकदम पांढरं,
आणि हॉटेलच्या कारंज्याजवळून जाताना
प्रत्येक जण क्षणभर थांबून
पाण्यात काय वाढतंय ते बघतो.

वर्षातून एकदा. फ्लोरिडाच्या तळ्यांवरून, कालव्यांवरून.
विद्यापीठातली एक मुलगी सोंडकिड्यांवर बोलते,
तांदळाच्या दाण्याएवढा जीव जलपर्णीचं पान कसं कुरतडतो,
आणि मागच्या रांगेतले थोराड पुरुष
बारशाला आल्यासारखे
हळवे होऊन ऐकतात.

यंदा मानाची फळी वेंडेलला.
पितळी पत्र्यावर नाव, नावात एक अक्षर जास्त.
एकतीस वर्षं. टाळ्या.
तो माइकला इतका चिकटून उभा राहिला
की आधी नुसता श्वासच ऐकू आला.
मग म्हणाला, मी एकही तळं जिंकलेलं नाही.
हायड्रिला तुटली की मरत नाही, दोन होते.
चिखलात कंद ठेवून जाते आणि वाट बघते.
तिच्याकडे वेळ असतो.
माझ्याकडे मंगळवार ते शुक्रवार होते.
लोक हसले. तो हसला नाही, खाली उतरला.

मी नऊ वर्षं त्याच्या एअरबोटीवर.
कानांवर जाड टोप्या, मागे पंख्याचा कल्ला,
बोलणं सगळं हातांनी.
दर मार्चला मिसेस ऑडलिन गाऊनवर धक्क्यावर येऊन ओरडायची;
आम्हाला दिसायचं फक्त तोंड: विष, विष.
तिचा शेजारी ओरडायचा, आणखी मारा, गळ अडकतोय.
त्याचंही तोंडच दिसायचं.
वेंडेल दोघांना सारखीच टोपी उचलायचा.

संध्याकाळी बोट ट्रेलरवर चढली
की तो पाठीवर आडवा होऊन खाली शिरायचा,
आसाभोवती, दिव्यामागे, नंबरप्लेटच्या फटीत बोटं घालायचा.
बोटभर काडी पुरते, म्हणायचा,
दुसऱ्या तळ्याचं वाटोळं करायला.
सापडलेली काडी शर्टाच्या खिशात.
ते शर्ट धुवायची इडाली.

एकदा किल्ल्या घ्यायला घरी गेले.
स्वयंपाकघराच्या खिडकीत जॅमची बाटली,
आत गच्च, लखलखीत हिरवी,
उन्हात बुडबुडे सोडणारी.
एक काडी ओली निघाली होती खिशात, इडाली म्हणाली,
याच्या हातून सगळं तपकिरीच होतं बाई,
म्हटलं, घरात एवढं तरी राहू दे.
वेंडेल माझ्याकडे न बघता बोलला,
कायद्याने गुन्हा आहे.
माहितीये, मी म्हटलं.
झाकण घट्ट लावतो, तो म्हणाला.
मी किल्ल्या घेतल्या.

इडाली ऑक्टोबरात गेली.

आज जेवणाच्या सुट्टीत त्याने मला पार्किंगमध्ये नेलं.
ट्रकच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून बसवलेली
तीच बाटली.
कसं करायचं ते तुला माहीत आहे, म्हणाला.
मला सकाळपासून जमत नाहीये.

करायचं काही विशेष नसतं.
मी ती बॉनेटवर उपडी केली आणि पसरली.
तापलेल्या पत्र्यावर पाणी चुर्र झालं.
सिगरेटला बाहेर आलेले एकेक जण येऊन उभे राहिले,
कुणी काही विचारलं नाही.
एकाने सवयीने पान उलटून
दातेरी कडा अंगठ्याने चाचपली,
मग लाजून हात खिशात घातला.

तासाभरात ती चहाच्या चोथ्यासारखी झाली.
आत सोंडकिड्यांचा दुसरा भाग सुरू झाला होता,
लोक पांगले.
वेंडेलने फळी काखेत धरली, वाळलेलं मुठीत गोळा केलं,
शर्टाच्या खिशात टाकलं,
आणि इस्त्रीच्या पँटीसकट गुडघ्यांवर बसला,
टायरच्या आसपास, गटाराच्या जाळीपाशी,
कुठे काही ओलं पडलंय का ते बघत.